सांगितलेला मुक्काम

१

तामदूत गावात झैदच्या तंबूंवर मत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. स्वतःचं लॉज असलेला वाटाड्या पाहुण्यांना उघड्या माळावर झोपवतो, ही गोष्ट गावाच्या गळी उतरत नव्हती. आणि लॉज तरी कसं, तर अक्रोडाच्या झाडांखाली मातीच्या जाड भिंतींचं घर, ऊन येणाऱ्या खोल्या, लोकरीच्या गाद्या, न्हाणीघरात लाकडांवर तापणारं पाणी. खिंडीपलीकडून चालत आलेली माणसं एरवी त्या पाण्यासाठी जीव टाकत. पण गेल्या उन्हाळ्यापासून झैदचा एकही पाहुणा त्या न्हाणीघरापर्यंत पोचला नव्हता.

माराकेशची कंपनी पाहुणे पाठवायची आणि तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकायची. तंबू की लॉज, हे मात्र तिनं वाटाड्यावर सोडलेलं होतं. झैद पाहुण्यांना दोन्ही बाजू नीट समजावून सांगायचा. लॉज म्हणजे अंगाखाली गादी, गरम पाणी, घरचं जेवण. पण मग गावागावांतून जाणारी खालची वाट धरावी लागते आणि वरची कुरणं राहून जातात. तंबू म्हणजे थंडी, पाठीला खडे, पण डोक्यावर तारे आणि आसपास चिटपाखरू नाही. हे सगळं तो अशा बेतानं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, निवड आपणच केली. निवड दर वेळी तंबूचीच व्हायची.

मशिदीच्या पायरीवर बसणारे म्हातारे त्याला सोडत नसत. बायकोनं किल्ली काढून घेतली का, असं ते विचारत. घरच्या गाद्यांत ढेकूण झालेत म्हणे, असं दुसरा कोणी म्हणे. झैद हसून पुढं जाई.

इत्तोला, म्हणजे त्याच्या बायकोला, मात्र हसून टाळता येत नसे. ती दर आठवड्याला सगळ्या गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकायची, झोडपायची आणि परत आणून घालायची.

"गाद्यांना ऊन दाखवून माझे हात दुखले," ती म्हणायची. "पाहुणे घरी कधी आणणार?"

"लोकांना हल्ली तारे बघायचे असतात."

"का? आपल्या गच्चीवरून काय शेजाऱ्याचे तारे दिसतात?"

खरं कारण होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. त्याचा इत्तोवर फार जीव होता. हे घर आणि ही बाई, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं आणि एवढंच त्याला मिळालं होतं. तंबूंची ती सगळी उठाठेव त्यासाठीच होती.

२

या डोंगरातल्या वाटाड्यांची एक रीत आहे. सकाळी खेचरांवर ओझी चढली की वाटाड्या त्यांच्यासमोर उभा राहतो, देवाचं नाव घेतो आणि रात्रीचा मुक्काम मोठ्यानं सांगतो. मग खेचरवाला आडवाटेनं पुढं निघतो. पाहुणे रमतगमत पोचतात तेव्हा जागा झाडून झालेली असते, तंबू उभे असतात आणि किटली चुलीवर असते. खिंडीपलीकडे फोन लागत नाही. त्यामुळे एकदा सांगितलेला मुक्काम बदलायचा नाही, हा या रीतीतला अर्धा भाग झाला. पुढं गेलेला माणूस भरवशावर बसलेला असतो.

झैदनं तो एकदा बदलला होता. चार वर्षं झाली त्याला. तेव्हा खेचरं हाकायला त्याचा थोरला भाऊ बस्सू असे. वसंतातली सकाळ होती, आकाश निरभ्र होतं, आणि झैदनं मुक्काम सांगितला होता खिंडीपलीकडच्या काळ्या दगडांच्या कुरणावर. बस्सू पुढं गेला. दुपारी खिंडीच्या तोंडाशी बर्फाचं वादळ आलं. बरोबर एक म्हातारं जोडपं होतं, त्यातल्या बाईची बोटं निळी पडायला लागली होती. झैदनं त्यांना मागं फिरवलं आणि लॉजवर आणलं. तेव्हा ते लॉज बस्सूचं होतं, आणि इत्तो बस्सूची बायको होती.

कुणी झैदला दोष दिला नाही. बरोबरच्या माणसांना वाचवणं हे वाटाड्याचं पहिलं काम, असं गावातल्या मोठ्यांनी स्वतःहून सांगितलं. बर्फ वितळलं, उन्हाळ्यात कुरणं गुरांना मोकळी करण्याचा दिवस आला, आणि वर गेलेल्या धनगरांना बस्सू सापडला. तंबू अजून उभा होता. किटली चुलीच्या दगडांवरच होती, आणि तो तिच्याशेजारी खिंडीकडे तोंड करून बसलेला होता.

त्याला रीतसर पुरलं. इत्तोनं पांढरे कपडे घालून सुतकाचे महिने काढले. पुढं मोठ्यांनीच विषय काढला आणि झैदनं तिच्याशी लग्न केलं. तिनं त्याला कधी उलट शब्द दिला नाही. त्याचं जेवण, त्याचे कपडे, सगळं वेळच्या वेळी करायची. तिचं मन आपल्यावर बसेल, थोडा वेळ लागेल, असं तो स्वतःला सांगत आला होता.

३

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी झैदनं मुक्काम सांगितला झऱ्याकाठचा. त्या दिवशी वाटेत खेचराचा नाल निखळला आणि नवा खेचरवाला मिमून, पन्नाशीचा बडबड्या माणूस, बराच मागं राहिला. पाहुण्यांना घेऊन झैद आधी झऱ्यावर पोचला. जागा झाडलेली होती. खडे वेचून वाऱ्याच्या बाजूला त्यांची ओळ लावलेली होती. तीन दगडांच्या चुलीवर एक जुनी किटली उकळत होती आणि आसपास कोणी नव्हतं.

धनगर असतील, असं झैद म्हणाला. या डोंगरात कोणीही कोणासाठी चहा ठेवतो, त्यात नवल ते काय? त्यानं पेला भरून तोंडाला लावला आणि जीभ आखडली. चहात शिबा होता. हा कडवट पाला लोक थंडीत पुदिन्याऐवजी चहात घालतात. भर उन्हाळ्यात शिबा घालून पिणारा एकच माणूस त्याला माहीत होता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग पुढच्या ट्रेकला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याला लॉजची पाळी आली. त्या सकाळी झैदनं नेहमीसारखंच मोठ्यानं सांगितलं, "देवाच्या नावानं, आजचा मुक्काम तामदूत, आमच्या घरी." मिमून त्या दिवशी पाहुण्यांच्या बरोबरीनंच चालत होता, कारण एका पाहुण्याला खेचरावर बसवलं होतं. संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा सगळ्या खोल्यांत बिछाने घातलेले होते आणि अंगणात भाकरीचा वास सुटला होता.

झैदनं विचारलं, आम्ही येतोय हे तुला कसं कळलं?

"कुंपणाच्या भिंतीपलीकडून कोणीतरी सांगून गेलं," इत्तो म्हणाली. "पाहुणे येताहेत, चहा ठेव, म्हणाला. मिमूनदादा नव्हते का ते?"

मिमून तोंड उघडणार तोच झैदनं हो म्हणून टाकलं. इत्तो त्याच्याकडे बघत राहिली. त्या रात्री ती बराच वेळ गच्चीवर उभी होती, आणि झैद अंथरुणात जागा होता.

त्यानंतर घराचं नाव त्याच्या तोंडून मुक्काम म्हणून परत निघालं नाही. जे काही पुढं जातं ते सांगितलेल्या जागी जातं, एवढं त्याला कळलं होतं. मग त्याला वरच सांगायचं, डोंगरात, कुरणावर, झऱ्यावर, घरापासून जितकं लांब जमेल तितकं लांब. चहा मात्र तो मुकाट्यानं ओतून टाकायचा.

४

पानगळीच्या सुरुवातीला कासाब्लांकाहून एक जोडपं आलं. अनस बँकेत होता आणि नुकतेच घेतलेले बूट जपत पाऊल टाकायचा. त्याची बायको सलवा शाळेत भूगोल शिकवायची. तिला लॉज हवं होतं. झैदनं तिला ताऱ्यांचं सांगितलं, वरच्या कुरणांवरचं गवत या दिवसांत तांबडं होतं ते सांगितलं, आणि शेवटी तीच नवऱ्याला म्हणाली, की इतक्या लांब येऊन भिंतीच बघायच्या का?

पहिला मुक्काम धनगरांच्या उन्हाळी गोठ्यांजवळ सांगितला होता. धनगर केव्हाच खाली उतरले होते. गोठ्यांची दारं दगड लावून बंद केलेली होती. मिमूनला झैदनं हल्ली पुढं जाऊच द्यायचं बंद केलं होतं. दोघं मिळून पाहुण्यांबरोबर चालायचे आणि पोचल्यावर तंबू लावायचे. पाहुण्यांना चहा उशिरा मिळायचा, त्याला इलाज नव्हता.

ते पोचले तेव्हा ऊन कड्यावर चढलं होतं. गोठ्यांसमोरची जागा स्वच्छ होती. खड्यांची ओळ वाऱ्याच्या बाजूला होती. चुलीवर किटली होती.

सलवाला फार आनंद झाला. तिनं मिमूनचं कौतुक केलं, तुम्ही हे कधी केलंत म्हणून. मिमूनच्या बडबडीला त्या डोंगरात तोड नव्हती, पण त्या वेळी तो खेचराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. अनसनं तोवर पेला भरला होता.

"कडू आहे," तो म्हणाला. "पण चांगलं वाटतंय."

झैदनं पुढं होऊन किटली उचलली आणि सगळा चहा गवतात ओतला. पाणी बरोबर नव्हतं, असं काहीतरी तो पुटपुटला. मग तो सगळ्या गोठ्यांभोवती फिरून आला. दारांचे दगड जागच्या जागी होते. ओल्या मातीत पावलं नव्हती. हिशेबी डोक्यानं त्यानं एक एक शक्यता घेतली. मागून कोणी ट्रेकवाले येऊन गेले असतील. मग राख थंड हवी होती. कोणी थट्टा करत असेल. मग तो रोज आपल्या आधी सात-आठ तास चढून थंडीत का बसेल? चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्यानं स्वतःला गप्प केलं. पण एक गोष्ट त्याला गप्प करता आली नाही. आजवर चुलीजवळ पेले नुसते मांडलेले असत. आज एका पेल्याच्या तळाशी थोडा चहा होता. वाट बघून कंटाळलेल्या माणसानं मध्येच घोटभर घेतला असावा.

५

सकाळी सलवाला उठवेना. अंग तापलं होतं, दात वाजत होते, आणि ती मध्येच शाळेतल्या मुलांना काहीतरी दटावत होती. अनस घाबरून गेला होता. त्यानं दोन्ही ब्लँकेटं तिच्यावर घातली होती आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर बसला होता. ढग खाली उतरत होते. आणखी एक रात्र तंबूत काढणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ होता, हे सांगायला डॉक्टर नको होता.

मिमूननं झैदला बाजूला घेतलं. घर दुपारपर्यंत गाठता येईल, तो म्हणाला. तिथं उब आहे, फोन आहे, सकाळी खालून जीप मागवता येईल. यात विचार कसला करतोस?

झैद विचार करत होता. घरी जायचं, पण मुक्काम सांगायचा नाही, हा एक मार्ग. पण सांगितला नाही तर ते काय करेल? मागून येईल? पाहुण्यांबरोबर चालत राहील? त्यापेक्षा त्याला कामाला लावून लांब पाठवलेलं बरं. त्याला जागा सांगायची आणि आपण दुसरीकडे जायचं. ही युक्ती सुचली तेव्हा त्याला हायसं वाटलं.

खेचरं सजली. सलवाला ब्लँकेटात गुंडाळून बसवलं. झैद समोर उभा राहिला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "देवाच्या नावानं, आजचा मुक्काम..." पुढं कुठलंही नाव घेता आलं असतं. त्या डोंगरात तंबूच्या जागांना तोटा नव्हता. पण त्याच्या तोंडून निघालं ते एकच. "काळ्या दगडांचं कुरण. खिंडीपलीकडे."

मिमूनचा हात खेचराच्या मानेवर होता तो तिथंच थांबला. झैदनं डोळ्यांनीच त्याला खालची वाट दाखवली.

थोडं उतरल्यावर मिमून त्याच्या जवळ आला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"सांगितलेला मुक्काम बदलू नये, पोरा."

"बाई आजारी आहे, दादा. दिसतंय ना?"

"तेव्हाही वादळ होतं," मिमून म्हणाला, आणि खेचराच्या पुढं जाऊन चालायला लागला.

६

उतरताना झैदला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. मागं कोणी नव्हतं, पुढं कोणी नव्हतं. पायवाटेवर त्यांच्याच पावलांचा आणि खुरांचा आवाज होता. सलवा मध्येच शुद्धीवर येऊन पाणी मागत होती. अनस तिचा पाय धरून चालत होता आणि दर वळणावर अजून किती, असं विचारत होता.

हे आपण आधीच का केलं नाही, असं झैदला वाटलं. दर वेळी खिंडीपलीकडचा मुक्काम सांगायचा आणि घरी यायचं. पाहुण्यांना गाद्या मिळतील, इत्तोच्या कपाळावरची आठी जाईल. गावाचं तोंड बंद होईल. मेलेल्या माणसाला आपण फसवतोय याची त्याला थोडी लाज वाटली, पण ती फार टिकली नाही.

ज्युनिपरची झाडं संपतात तिथं त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. ढग तेवढ्यापुरते फाटले होते आणि खिंड स्वच्छ दिसत होती. खिंडीच्या पलीकडून, जिथं काळ्या दगडांचं कुरण आहे तिथून, धुराची बारीक रेघ सरळ वर चढत होती. कोणीतरी चूल पेटवली होती.

"काय बघताय?" अनसनं विचारलं.

"काही नाही," झैद म्हणाला. "हवा बघत होतो."

ते घरी पोचले तेव्हा इत्तो अंगणात होती. तिनं सलवाला पाहिलं मात्र, कंबर कसून कामाला लागली. खोली उबदार होतीच, गाद्या उन्हात तापलेल्या होत्या. तिनं सलवाचे ओले मोजे काढले, तेल कोमट करून तळपाय चोळले, ओव्याच्या जातीचा रानपाला उकळून पाजला. दोन तासांत सलवाला घाम फुटला आणि ती शांत झोपली. अनस तिच्या उशाशीच बसल्या जागी डुलकी घ्यायला लागला. झैदनं गच्चीवर जाऊन फोन लावला. सकाळी उजाडताच जीप येणार होती.

तो खाली आला तेव्हा इत्तो परातीत पीठ घेत होती. आज तिनं केस मेंदी लावून धुतले होते, हे त्याला आता दिसलं.

"आणलेस एकदाचे पाहुणे," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहत तिनं विचारलं, "एवढेच?"

"एवढेच. आणखी कोण असणार?"

ती पीठ मळायला लागली.

७

दिवस मावळत होता. चुलीपुढं सतरंजीवर झैद बसला होता, मिमून त्याच्या समोर पाय पसरून जोडे वाळवत होता. खेचरं गोठ्यात दाणा खात होती. भिंतीपलीकडे शेजारीण कोंबड्यांना आत हाकत होती. तिचा आवाज आला, मग तिचं दार लागलं, आणि गल्ली शांत झाली. झैदच्या अंगात गरमी भिनत होती. इत्तोच्या हातांचा पिठावरचा थपथप आवाज ऐकत त्यानं डोळे मिटले. हे आपलं आहे, असं त्याला वाटलं.

मग गल्लीत खुरांचा आवाज आला.

एकच खेचर होतं, आणि दमलेलं होतं. ते वरच्या अंगानं, डोंगराच्या बाजूनं येत होतं. झैदनं डोळे उघडून मिमूनकडे पाहिलं. मिमूननं गोठ्याकडे पाहिलं. त्यांची खेचरं आतच होती. त्यांच्या चावण्याचा आवाज येत होता, आणि तो एकदम थांबला.

खुरं अंगणाच्या दाराशी आली. दोर सोडल्याचं करकरणं ऐकू आलं. ओझं जमिनीवर टेकलं, मग दुसऱ्या बाजूचं. भांडी एकमेकांवर आपटली. सगळं सवयीच्या हातानं, घाई न करता चाललं होतं. मग कोणीतरी पायातलं बर्फ उंबऱ्याच्या दगडावर झटकलं. त्या वर्षी अजून कुठंच बर्फ पडलं नव्हतं.

"झैद," बाहेरून आवाज आला. "मुक्काम बदलला म्हणे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर झैदला बरं वाटलं असतं. तो फक्त थकलेला आवाज होता, आणि त्यात थोडं नवल होतं.

तामदूतमध्ये दाराशी आलेल्याला आधी आत बोलावतात आणि मग नाव विचारतात. दार वाजलं आणि घर गप्प राहिलं, असं त्या गावात कोणाच्या ऐकण्यात नाही. ही रीत इतकी हाडात मुरलेली की मिमूनचे ओठसुद्धा हलले. झैदनं त्याला खूण केली. मग तो गुडघ्यांवर सरकत इत्तोजवळ गेला आणि त्यानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

"बोलू नकोस," तो कुजबुजला. "इत्तो, तुझ्या पाया पडतो. बोलू नकोस."

इत्तोनं त्याच्याकडे पाहिलं. घाबरल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर कुठं नव्हती. लहान मुलानं पदर धरावा आणि आईनं तो सोडवावा, तशी तिनं त्याची बोटं एक एक करून सोडवली. पीठ त्याच्या हाताला लागलं.

"उघडंच आहे," ती दाराकडे बघून म्हणाली. "ये आत. किती उशीर केलास."

ती हसली. इतक्या वर्षांत ते हसू झैदच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. गच्चीवर तिनं कोणासाठी इतकं ऊन दिलं गाद्यांना, पाहुणे घरी आण म्हणून ती कोणासाठी मागं लागली होती, हे त्याला तेव्हा कळलं, आणि भीतीपेक्षा ते कळणं त्याला जास्त लागलं.

कडी बाहेरून वर उचलली गेली. थंड हवा आत आली आणि चुलीतली आग आडवी झाली. दार अर्धंच उघडलं. झैदला दिसलं ते तेवढंच: उंबऱ्याच्या आत टेकलेलं एक पाऊल, आणि त्याच्यावर लोकरीच्या तपकिरी झग्याची कड, गोठून लाकडासारखी ताठ झालेली. वर बघायची हिंमत त्याला झाली नाही. मिमूननं पाय जवळ ओढून घेतले होते आणि तो खाली मान घालून प्रार्थना पुटपुटत होता.

इत्तोनं हात पुसले. चुलीजवळची, भिंतीला टेकायची उशी तिनं झटकून नीट केली.

"झैद, जरा सरक," ती म्हणाली. "ती जागा त्याची आहे."

झैद सरकला.